घासातली अमरवेल

माझं माहेर श्रीरामपूरचं, स्टेशनजवळच्या चाळीतलं. लग्न होऊन संगमनेर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा खुरपं कोणत्या हातात धरतात, हेही मला माहीत नव्हतं. सासू नव्हती. घरात मोठे दीर, थोरल्या जाऊबाई आणि आम्ही दोघं. जाऊबाईंना मी आक्का म्हणायचे.

गोठ्यामागे घासाचा तुकडा होता. घास म्हणजे गाईंना घालतात तो, बारीक पानांचा, जांभळ्या फुलांचा. एकदा पेरला की दोन-तीन वर्षं कापत राहायचं, तो पुन्हा फुटत राहतो. पण प्रत्येक कापणीनंतर जमीन उघडी पडते आणि घासाच्या आधी तणच वर येतं. पहिल्याच दिवशी मी तणासोबत मूठभर घासही उपटला. आक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, निवडला आणि गाईपुढे टाकला.

"ऱ्हाऊ दे. गाईनं खाल्ला, वाया न्हाई गेला," त्या म्हणाल्या. मग शेजारी बसून त्यांनी दाखवलं. तण घासाच्या अगदी अंगाला चिकटून उगवतं, म्हणून आधी डाव्या हातानं घास बाजूला धरायचा, खुरप्याचं टोक तिरकं घालायचं आणि तण मुळासकट सैल करून काढायचं. घाई केली की दोन्ही येतात.

त्या तुकड्यात आम्ही दोघी रोज बसायचो. घरात पुरुष माणसं असली की आक्का मोजकं बोलायच्या. इथं त्यांची जीभ सुटायची. त्यांना मूल झालं नाही, ते कसं कसं राहिलं नाही, कोण काय बोललं, हे सगळं त्यांनी मला घास खुरपतानाच सांगितलं. माझी मुलगी झाली तेव्हा तिची झोळी बांधाच्या लिंबाला बांधलेली असायची. ती कुरकुरली की माझ्याआधी आक्का उठायच्या. गावात जावांची भांडणं व्हायची, वाटण्या व्हायच्या. आमचं तसं झालं नाही. का झालं नाही, याचं कारण विचारलं तर मला एवढंच सांगता येईल, की ती बाई मला कधी हसली नाही.

मुलगी संगमनेरला कॉलेजात जायला लागली त्या वर्षी घास नव्यानं पेरला. त्या बियाण्यातूनच अमरवेल आली. आधी एका कोपऱ्यात पिवळा दोरा गुंतून पडल्यासारखी दिसली. मग घासाच्या काड्यांना वेढे घालत पसरली. तिला पान नाही, जमिनीत मूळ नाही, ती घासातूनच पिते. दीर कृषी सेवा केंद्रात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, ही जळेल असं औषध मारलं तर खालचा घासही जळेल, आणि तो गाईंना घालायचा आहे.

"मग हातानंच काढू," आक्का म्हणाल्या.

नुसते दोरे ओढून भागत नाही. तुटलेला तुकडा राहिला की पुन्हा चिकटतो. म्हणून जिथं वेल होती तिथला घास आक्का जमिनीलगत कापायच्या, भोवतीचा थोडा चांगला घासही त्यात घ्यायच्या, आणि सगळं गोणीत भरून माळावर नेऊन वाळवून जाळायच्या. खाली घासाचा बुडखा शाबूत असायचा, तो पुन्हा फुटायचा. त्यातलं पान जनावराला घालू द्यायच्या नाहीत. शेणातून बी परत येतं म्हणायच्या.

असंच कापताना एकदा त्या थांबल्या आणि पदराखाली हात घालून बसून राहिल्या.

"काय झालं?"

"गाठ हाय. दुखत न्हाई. लई दिवस झाले."

"भाऊजींना सांगितलं?"

"त्यांना काय सांगायचं असलं."

मी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला गेलो. ऑपरेशन झालं, नंतर सलाइनमधून औषध सुरू झालं. केस का जातात, तोंड का येतं, हे डॉक्टरांनी समजावलं. वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात, त्याला इलाज नाही. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे दुकानदार म्हनला तसंच." आणि हसल्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला हसू आलं नाही.

ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या हाताला जपायचं होतं. खरचटू द्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणजे खुरपं बंद. त्या डोक्याला रुमाल बांधून बांधावर गोणपाटावर बसायच्या आणि मी खुरपायचे. माझ्या नजरेतून सुटलेला दोरा त्यांना तिथून दिसायचा. "तुझ्या गुडघ्यापाशी बघ. त्याच्या पलीकडं अजून एक हाय." कधीकधी नुसत्याच बघत राहायच्या, मग मी बोलत राहायचे, कुणाची सोयरीक जमली, कुणाची गाय आटली. गप्प बसले की भीती वाटायची.

त्या पावसाळ्यात घास स्वच्छ झाला. तसा हिरवा घास मी पुन्हा पाहिला नाही. आक्कांना केसही आले, लहान मुलासारखे मऊ. माझी मुलगी येता-जाता त्यावरून हात फिरवायची. आम्हाला वाटलं, सुटलो.

दिवाळीनंतर त्यांची पाठ दुखायला लागली. तपासलं तर हाडात गेलेलं होतं.  घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता मला परत नगं नेऊ. हितंच बरं हाय." पण दीर ऐकेनात. जे जन्मभर बायकोशी चार शब्द धड बोलले नाहीत, ते तिच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "एक डाव चल. माझ्यासाठी चल." आक्कांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चप्पल मागितली. त्या दीरांसाठी गेल्या. आल्या तेव्हा बसताही येत नव्हतं.

एका सकाळी धारा काढून मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दीर उशाशी बसून होते. त्यांना कळलेलं नव्हतं. ते म्हणाले, "हळू बोल, आता डोळा लागलाय तिचा."

दहावं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मी गोठ्यामागे गेले तर घासावर पिवळं जाळं पसरलेलं. इतके दिवस कुणी फिरकलंच नव्हतं. दीर त्यात बसले होते. त्या माणसानं उभ्या आयुष्यात खुरपं धरलं नव्हतं, नांगर धरला होता, मोटार दुरुस्त केली होती. ते दोन्ही हातांनी ओढत होते. दोरे येत होते, घास येत होता, मुळं तुटत होती, बोटं मातीनं भरली होती.

"भाऊजी, राहू द्या. मी करते."

"तिनं लई राखला हा घास," ते म्हणाले. "मला न्हाई राखता येत." मग गुडघ्यात डोकं घालून रडले. माझ्यासमोर ते तेवढे एकदाच रडले. मी लांब उभी राहिले. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा असं आमच्यात नातं नाही.

त्या आठवड्यात तुकडा नांगरला. मी नको म्हटलं नाही. माझ्या एकटीच्यानं तो निस्तरला नसता, हे मला कळत होतं. तिथं आता कांदा असतो. गाईंना मुरघास, म्हणजे मक्याचा मुरवलेला चारा घालतो. दीर जेवणावरून लवकर उठतात. माझे मालक समजूत घालतात.

कांद्याच्या खुरपणीला गावातल्या बायका येतात, मीही त्यांच्या ओळीत बसते. परवा त्यांच्यात एक नवी होती, लग्न होऊन नुकतीच आलेली. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिनं विचारलं, "काकू, तुमच्या घरात कामाला तुमी एकट्याच बाईमानूस? जाऊ न्हाई का?"

 कुणीतरी तिला कोपर मारलं. ती कावरीबावरी झाली.

"हाय की," मी म्हणाले. माझ्या तोंडून तेच आलं. मग ओळ बरीच पुढे गेली, आणि मी तिथंच बसून राहिले.