खलाशी पोपटचा मांडव

खालापूरच्या पोपटने समुद्रात पाय घातला तो एकदाच, अलिबागला, गुडघ्यापर्यंत. चप्पल वाहून गेली म्हणून लगेच बाहेरही काढला. तरी अख्खा तालुका त्याला 'खलाशी' म्हणतो. धंदा लग्नाचे मांडव घालण्याचा, पण डोकं सदा अरबी समुद्रात. चहाच्या आधी मोबाईल. त्यावर उपग्रहाने टिपलेले ढग, मग वाऱ्याचे बाण, मग खोल पाण्यात तरंगणाऱ्या यंत्रांनी मोजलेल्या लाटा. टीव्हीवरचा अंदाज ऐकला की त्याचं टाळकं सरकतं. "'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हनं! तुरळक म्हंजे कुठं रं? माज्या मांडवात का तुज्या परसात? असा अंदाज आमची म्हैस पन देईल."

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याची पार शोभा झाली. मोहोपाड्याच्या लग्नात "नवाला पाऊस" असं छातीठोक सांगून त्याने पावसाआधी जेवणं उरकावीत म्हणून वऱ्हाडाला नाश्त्याच्या वेळीच मटकीची उसळ आणि जिलेबी खायला बसवलं. पडलं लख्ख ऊन. शरमेने त्याने ताडपत्र्या सोडून टेंपोत टाकल्या, आणि दुपारी ऐन अक्षतांच्या वेळी पाऊस कोसळला. घरी बायको सुंदराने मोबाईल हातात घेऊन नीट पाहिला.

"अवो, ही येळ विलायतेची हाय. आपल्यात साडेपाच तास मिळवायचे."

"मंग आदी नाय सांगायचं?"

"तुमी कुनाला हात लावू देता का त्या मोबाईलला?"

तेव्हापासून गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारी, "खलाशी, घड्याळ खालापूरचं हाय ना?" आणि मांडव नेरळच्या माणसाला देई. यंदा चुलतभाऊ गजाने पोरीचं, भाग्यश्रीचं लग्न त्याच्या हाती दिलं, ते नात्याखातर. हेही बिघडलं तर धंदा कायमचा गुंडाळायचा, हे पोपटला पुरतं ठाऊक होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात समुद्रात ढगांचा भोवरा उठला. लाटा रोज चढत होत्या. साडेपाच तास मिळवून, बेरीज दोनदा तपासून, पोपट गजाकडे गेला.

"गजा, कापडाचा मांडव नको. वरून पत्रा टाकू."

"पत्रा? माज्या पोरीचं लगीन हाय का भाजीबाजार? तो दर्या तुज्या मोबाईलात ठेव. हितं गुलाबी कापड पायजे, झालरीसकट."

पोपटचा पारा चढला, पण त्याने मान डोलावली. रातोरात त्याने पत्रे चढवले आणि खालून गुलाबी कापड असं ताणलं की पत्र्याचा कोपराही दिसू नये. सकाळी गजा वर बघून खूश झाला.

लग्नाच्या दुपारी आभाळ कोरडं ठणठणीत. पत्रा तापला. मांडवात माणसं भाजायला लागली. गजा घाम पुसत म्हणाला, "पोपट, ह्या गुलाबी कापडाला एवडी धग कशी रं?"

"उंची माल हाय. ऊब धरतो."

मोबाईलवर भोवरा गुजरातकडे वळत होता. पोपटने साडेपाच तास पुन्हा मिळवून पाहिले. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली, वाऱ्याची एक झुळूक आली, आणि डोक्यावर ताड ताड ताड! भटजींचा आवाज ऐकू येईना. कुणीतरी ओरडलं, "ढगफुटी!" बायका पोरांना पोटाशी धरू लागल्या. कापड मात्र कोरडं. गजाला उलगडा झाला. त्याने सगळ्यांदेखत पोपटला मिठी मारली. "भावा, पत्रा टाकलास! माज्या पोरीच्या डोक्यावर थेंब पडू दिला नायस!"

पोपट फुगला. ऐटीत दारापर्यंत गेला, बाहेर डोकावला, आणि तिथेच थिजला. धुळीत मोजता येतील इतकेच थेंब. नुसता शिडकावा, तोही संपत आलेला. सगळा गोंगाट पत्र्याचा.

तो हात पसरून दार अडवून उभा राहिला. "कुनी भायेर जायचं नाय! दर्या खवळलाय!"

"मला बघू दे तरी!" गजा गर्दीतून वाट काढत निघाला.

मागच्या बाजूने सुंदराने हात बाहेर काढून पाहिला. तळवा कोरडाच. नवऱ्याचं तोंड पाहून तिला सारं कळलं. ती तडक आचाऱ्याकडे गेली, खरकटी भांडी विसळलेल्या पाण्याचं पिंप भांडी घासणाऱ्या ठमीच्या मदतीने बाहेरून मांडवाच्या दारापुढे आणलं आणि कलंडवलं.

गजा दारात आला. पायाखाली चिखल, त्यावर पाण्याचा लोट.

"बाबौ!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "खलाशी, धाकटीच्या लग्नाचा मांडव तुलाच रं."

चिखलात मटकीचे चार दाणे तरंगत होते. पोपटने त्यांच्यावर हळूच पाय ठेवला.