शिंपीणबाईंनी कापलेलं पत्र

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिंपीणबाई राहतात आणि त्यांच्या बरोबर वर मी. त्यांच्या मशीनचा आवाज सोळा वर्षं माझ्या पलंगाखालून येतो आहे. हे गेल्यापासून मला तेवढीच सोबत, म्हणून मी कधी तक्रार केली नाही. बाई बोलायला फटकळ, पण हात चोख. गिऱ्हाईक घाई करू लागलं की त्या कात्री खाली ठेवून म्हणत, "घ्या, तुम्हीच कापा."

त्यांची धाकटी बहीण तापाने गेली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. बापाने तिला शिंपीणबाईंकडे आणून सोडलं आणि तो नोकरीसाठी परगावी निघून गेला. मुलगी दिवसभर मशीनखाली बसून बटणं निवडायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. वर्षभराने बापाचं एक पत्र आलं आणि त्यानंतर काहीच नाही. बटण अकरा वर्षांची झाली आणि एका मंगळवारी कोर्टाची नोटीस आली. बापाने दुसरं लग्न केलं होतं, घर घेतलं होतं आणि आता त्याला मुलगी हवी होती.

शिंपीणबाई नोटीस घेऊन वर आल्या. "काकू, तुम्ही शिकलेल्या. हे वाचा, आणि वाईट असेल तर हळू वाचा."

मी हळूच वाचली.

पहिला वकील आम्ही पाटी बघून निवडला. पाटी मोठी होती. आत दीड तास बसलो तेव्हा साहेबांची भेट झाली, तीही दोन फोनांच्या मधे. "बाप तो बाप," ते म्हणाले. "मावशी कितीही केलं तरी मावशीच. भेटायचे वार तेवढे ठरवून घेऊ."

"साहेब, तुम्ही माझे वकील की त्यांचे?" शिंपीणबाईंनी विचारलं.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "मापच घेतलं नाही हो त्यानं. माप न घेता शिवणाऱ्याच्या हाती मी फडकंसुद्धा देत नाही."

दुसऱ्या वकीलबाई एका गिऱ्हाइकाने सुचवल्या. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी. त्यांनी फोन खणात टाकला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. मी मधे फक्त तारखा विचारीन." तारखा मी माझ्या डायऱ्यांमधून काढून नेल्या होत्या: शाळाप्रवेश, गोवर, हात मोडला तो दिवस. त्यांनी सगळ्या उतरवून घेतल्या.

मग त्या स्पष्टच बोलल्या. "आपण हरू शकतो. बाप जिवंत आहे, कमावता आहे. तो म्हणतो, मुलगी सहा महिन्यांपुरती ठेवली होती आणि तुम्ही परत दिली नाहीत. त्यानं कधी काही लिहून दिलं होतं का?"

"पत्र होतं. चांगलं चार पानी."

"कुठे आहे?"

शिंपीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कापलं."

"रागानं?"

"छे हो. कागद जाड होता."

बाप नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. तिथलेच भले मोठे, जाड कागद त्याने पत्राला वापरले होते. शिंपीणबाईंनी पत्र वाचलं, रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदांवर बटणच्या फ्रॉकचं कटिंग काढलं. शिवणकाम करणाऱ्या बाया कागदी कटिंग फेकत नाहीत. ही कटिंगंही वर्षावर्षाच्या जुडग्यांत खिळ्याला टांगलेली होती. वकीलबाई त्याच संध्याकाळी स्वतः आल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या, कॉलर. एका बाजूला बापाचं अक्षर, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने बटणचं नाव, तारीख, छाती, उंची. कॉलरवर त्याची सही.

वकीलबाईंनी तुकडे शेजारी शेजारी लावून पत्र वाचलं. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझं अर्धं काम करून ठेवलंय. हे कुणाला सांगू नका, नाहीतर माझी फी कमी करतील लोक."

उणीव एकच होती. पुढच्या भागाला काखेकडचा कोपरा नव्हता. मुंढ्याचा गोलवा कापताना तो निघून गेला होता. नेमकं तिथेच वाक्य तुटत होतं: "मुलगी तुमच्याकडेच राहू दे," आणि पुढे हवा.

सुनावणीच्या दिवशी बापाच्या वकिलाने तोच गोलवा धरला. "पुढे 'सहा महिने' असं लिहिलं होतं, असं माझे अशील सांगतात. तो तुकडा बाईंनी मुद्दाम नाहीसा केला." मग त्याने कटिंग दोन बोटांत उचललं. "महत्त्वाची पत्रं कापून कपडे शिवता?"

"पत्र वाचून झालं होतं, साहेब," शिंपीणबाई म्हणाल्या. "आणि पोरीला अंगात घालायला नव्हतं."

"मग कोपरा कुठे गेला? फेकला?"

"चांगला कागद मी फेकत नाही." हे बोलल्या आणि त्या एकदम थांबल्या. मी मागच्या बाकावर होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी न्यायाधीशांकडे वळून विचारलं, "मी घरी जाऊन येऊ का? खिसा आणायचाय."

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी पुन्हा बोलावलं.

रिक्षात शिंपीणबाई कपाळावर हात मारून घेत होत्या. "काकू, मूल वाढतं, बाही वाढते, खिसा तेवढाच राहतो. त्या कोपऱ्याचाच खिसा काढला होता. सात वर्षं त्या एकाच कागदावरून खिसे कापतेय मी, आणि जुडग्यात शोधत बसले." मशीनच्या खणात, खडूच्या तुकड्यांखाली तो होता, कडा झिजलेल्या, टाचण्यांची भोकं पडलेली.

दुपारी न्यायाधीशांनी स्वतः तो पुढच्या भागाच्या शेजारी सरकवला. त्याची गोल कड मुंढ्याच्या गोलव्याला जाऊन बरोबर बसली. त्यांनी मोठ्याने वाचलं: "मुलगी तुमच्याकडेच राहू दे, कायमची. मी तिला परत मागणार नाही."

बाप खाली बघत होता. त्याच्या वकिलाने पाणी मागितलं.

त्यानंतर न्यायाधीशांनी बटणला आतल्या खोलीत बोलावून वीस मिनिटं गप्पा मारल्या. तिनं काय सांगितलं ते तिनं आम्हाला अजून सांगितलेलं नाही. निकाल पंधरा दिवसांनी लागला. मुलगी मावशीकडेच राहणार, मावशी तिची पालक, आणि बापाला दर रविवारी दोन तास भेट. वकीलबाईंनी शिंपीणबाईंना सही कुठे करायची ते दाखवलं. 'पालक' या शब्दासमोर त्यांनी इतकी सावकाश सही केली की मागचा माणूस खाकरला. "थांबा हो," त्या त्याला म्हणाल्या, "रोज रोज नाही करत मी."

व्हरांड्यात बाप एकटाच उभा होता. मला वाटलं, आता बाई त्याला चार शब्द सुनावतील, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचेही होते. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "रविवारी दहाला या. साडेबाराला तिचा चित्रकलेचा क्लास असतो. आणि तिला बटण म्हणू नका, ते आमचं आहे."

पहिल्या रविवारी तो पावणेदहालाच आला. दहा वाजेपर्यंत शिंपीणबाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं.