अबोल्याला होकार समजणारा माणूस

आमचे हे त्या जागतिक संस्थेत कामाला आहेत. भाषणं ठोकणाऱ्यांत नाहीत, त्यांच्या मागच्या रांगेत. सभेचे सचिव. कोण कधी बोलणार, मसुद्यातला कुठला शब्द कोणाला खुपतोय, हे ह्यांनी बघायचं. देश नखाएवढा असो की अवाढव्य, तिथल्या मोठ्या सभागृहात प्रत्येकाला मत एकच. पण शेजारच्या छोट्या दालनात, जिथे युद्धाचं आणि शांततेचं ठरतं, तिथे मोजक्या बड्यांपैकी एकाने नकार दिला की संपलं. बाकीच्यांनी बसावं हात चोळत.

ह्या नोकरीने ह्यांची जीभ पार बिघडवली. घरात सरळ उत्तर म्हणून नाही. मीठ जास्त झालंय का विचारावं, तर म्हणतात, नोंद घेतली. माझं भावाशी वाजलं तेव्हा ह्यांनी चिंता व्यक्त केली. तो दार आपटून गेला, तेव्हा तीव्र चिंता. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? म्हणून मी आपला अबोला धरते. आईने धरला की आमचे वडील दुसऱ्या दिवशी सुतासारखे सरळ व्हायचे.

पण खरं दुखणं वेगळंच. दुभाषी बाई! दिवसभर ह्यांच्या कानात यंत्र आणि यंत्रात तिचा आवाज. घरी आले की बाईंचं कौतुक सुरू. समोरचा रागावला तर बाई तेवढंच रागावतात, म्हणे, रतीभर कमी नाही की जास्त नाही. माझा राग मोजायला मात्र कोणाला सवड नाही. मला तीन हाका माराव्या लागतात, तेव्हा कुठे हे मान वर करतात.

एकदा घरच्यांना सभागृह दाखवायचा दिवस होता. मीही कानाला यंत्र लावलं. व्यासपीठावर एक दाढीवाले गृहस्थ विनवत होते आणि कानात त्या बाईंचा मऊ, खालच्या पट्टीतला आवाज म्हणत होता, ‘मी तुमच्यावर विसंबून आहे.’ दुभाष्याने ‘ते म्हणतात’ म्हणायचं नसतं, ‘मी’च म्हणायचं असतं. कामाची रीत आहे, कळतंय मला. पण हे तिकडे मान डोलावत होते, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अशात ह्यांना बदली आली. दोन शेजारी देशांची तहाची बोलणी व्हायची होती, लांब तिसऱ्या देशात. दोन वर्षांचं काम. जेवताना ह्यांनी सांगितलं आणि वर म्हणाले, “शुक्रवार संध्याकाळपर्यंत तुझी काही हरकत नसेल, तर मी होकार कळवतो.” मी मनात म्हटलं, बोलणी म्हणजे दुभाषी आलीच. ताट उचललं आणि अबोला धरला. असा कडक की भांड्यांनीसुद्धा आवाज केला नाही. ह्याहून स्पष्ट नकार बायको काय देणार?

शनिवारी सकाळी हे माळ्यावरून बॅग काढत होते.

माझा अबोला तिथेच सुटला. काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, तू हरकत घेतली नाहीस. मग मला शांतपणे समजावलं. त्यांच्याकडे मसुदा सगळ्या देशांना पाठवतात, मुदत देतात, आणि तोवर जो गप्प बसला त्याला तो मान्य आहे असं धरतात. मूकसंमती म्हणतात त्याला.

“अहो, तो नकार होता!”

ह्यांच्या हातातली बॅग तशीच राहिली. म्हणाले, काल संध्याकाळीच होकार कळवला, आता मागे फिरता येत नाही. भांडणाऱ्या दोन्ही देशांनी ह्यांच्या नावाला होकार दिलाय, आणि एवढ्या महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

“आणि ती दुभाषी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ती कशाला येईल? तिथे तिथलेच दुभाषी आहेत.”

हे बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

“मी काल कचेरीत शेवटपर्यंत फोनजवळ बसून होतो,” हे म्हणाले. “तू एकदा नाही म्हणाली असतीस तर गेलो नसतो. मला वाटलं, मी गेलेलाच तुला बरा.”

“मी जळत होते हो.”

“कोणावर?” ह्यांनी विचारलं. आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं.