एम.ए.ची हजेरी आणि आमच्या बांधीतला चिखल

एम.ए. व्हायला डोकं लागतं असं लोक समजतात. आमच्या वेळी विद्यापीठाला डोक्याआधी देह लागायचा. जुलैत नागपूरला स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि मग टर्म भरायची, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात व्याख्यानांना जातीनं हजर राहायचं. प्रमाण कमी पडलं की परीक्षा बंद, मग तुम्ही कितीही हुशार असा. घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सवलत बायांना आणि नोकरीतल्या मास्तरांना होती. आम्ही दोघं यातले कोणीच नव्हतो.

दोघं म्हणजे मी आणि घराला घर लागून राहणारा माझा मित्र. तिरोड्याजवळच्या एकाच गावचे, दोघांकडे धानाची शेती, बी.ए.ही एकाच वर्षी झालेलो. फरक एवढाच की तो चांगल्या मार्कांनी आणि मी कसाबसा.

विद्यापीठाचे नियम ज्यानं केले, त्याच्या बापाकडे धान नसावं. नावनोंदणी झाली, व्याख्यानं सुरू झाली, की इकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलं की चिखलणी करायची, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवायचे. धान काही दिवाळीपर्यंत थांबत नाही. आमच्या गावची चाल अशी, की आज माझा नांगर तुझ्या बांधीत, उद्या तुझा माझ्या. सगळा हिशेब तोंडी, आणि तो कोणी विसरत नाही.

हीच चाल आम्ही एम.ए.ला लावली. एकानं नागपुरात राहून दोघांची हजेरी द्यायची, दुसऱ्यानं गावी जाऊन दोघांच्या बांध्या चिखलायच्या. मग अदलाबदल. खरं सांगतो, ही लबाडी आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. एकाच्या जागी दुसरा उभा राहिला तरी काम झालंच की!

वर्ग मोठा होता. वकिलीची मुलंही एम.ए.ला नाव घालून ठेवायची. प्राध्यापक मान खाली घालून नंबर पुकारत. माझ्या नंबरला मी माझ्या आवाजात ‘येस सर’ म्हणे, त्याच्या नंबरला घसा खाकरून, सर्दी झाल्यासारखं. त्याची पाळी असली की तो माझ्यासाठी बारीक आवाज काढी.

“तुया आवाज काढाले लय तरास होते बे,” तो म्हणे. “बकरी गिळल्यावानी वाटते.”

असं मजेत चाललं होतं. मग माझे वडील तापानं पडले आणि आमच्या बांध्या तशाच राहिल्या. गावी जायची पाळी त्याची होती. गाडीत चढता चढता म्हणाला, “तुया बाबाची बांधी आधी करतो, मंग आमची. तू फक्त खोकत राह्य.”

तो गेला, आणि त्याच आठवड्यात प्राध्यापकांनी तपासलेले निबंध आणले. हजेरी झाली होती. दोन्ही आवाज मी नीट काढले होते. ते म्हणाले, “या वर्गात वाचण्यासारखा निबंध एकच आहे,” आणि त्यांनी माझ्या मित्राचा नंबर पुकारला. “उभे राहा.”

कोणी उभं राहिना. शेजारच्या गोंदियाच्या मुलानं मला कोपर मारलं. “अरे, खड़ा हो जा ना! उनको क्या पता चलेगा?”

बरोबरच होतं त्याचं. सरांना आमचे चेहरे माहीत नव्हते. मी उभा राहिलो असतो, त्याच्या वाटणीचं कौतुक ऐकलं असतं आणि खाली बसलो असतो. पण माझा निबंध माझ्या पुढ्यात पडला होता, तांबड्या शाईनं भरलेला. मी बसून राहिलो.

“मग मघाशी येस सर कोण म्हणालं?” सरांनी विचारलं.

तास संपल्यावर सरांनी नोंदवहीत त्याच्या गावचा दुसरा नंबर शोधला आणि मला खोलीत बोलावलं. रागावलेले नव्हते. “तुम्ही त्याच्याच गावचे ना? घरी शेतीची अडचण असेल, कोणी आजारी असेल, तर सांगा. हजेरीतली तूट प्राचार्यांना माफ करता येते. मी शब्द टाकतो. कुठे आहे तो?”

त्या वेळी तो आमच्या बांधीत गुडघाभर चिखलात होता.

“माहीत नाही, सर,” मी म्हणालो.

पकडले जाऊ म्हणून घाबरलो, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. घाबरलो होतोच. पण भीती थोडी होती. तो निबंध जास्त होता.

त्याची हजेरी खोडली गेली आणि टर्म बुडाली. तो परत आला तो नखांत चिखल घेऊन, आणि माझ्या आईनं माझ्यासाठी दिलेला चिवडा घेऊन. सगळं ऐकून खाटेवर बसला. “काऊन बे, मी कुठं हाव ते कोणी सांगतलं नाही?”

“कोणी विचारलंच नाही.”

“जाऊ दे. पुढच्या साली पाहू,” तो म्हणाला आणि चिवड्याची पुडी त्यानंच सोडली. पुढच्या साली त्याच्या घरी भावांच्या वाटण्या झाल्या आणि तो नागपूरला आलाच नाही. मी एम.ए. झालो, गोंदियाला कॉलेजात लागलो, फुलचूरला घर बांधलं. दर जुलैत नव्या मुलांना हजेरीचे नियम मीच वाचून दाखवतो.

गेल्या रोवण्याला गावी गेलो आणि बांधावर उभं राहून त्याला सांगून टाकलं. तो नांगराची दोरी आवळत होता. आवळतच राहिला.

“म्हणजे तुया बाबाच्या बांधीत होतो, तवाच माही टर्म गेली?”

“हो.”

“अन् तू बोलला नाहीस.”

“नाही बोललो.”

तो हसला नाही. दोरीला गाठ मारली. मग म्हणाला, “चप्पल काढ.”

“कायले?” इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली आली.

“वरच्या बांधीत पऱ्हे पोचवाचे हायेत. तुयाकडं माया रोवणा राहिला हाय.”

पँट गुडघ्यावर दुमडून मी पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहिल्या. दोनदा आडवा झालो. रोवणाऱ्या बाया पोट धरून हसल्या, “मास्तर, पऱ्हे रोवाचे हायेत, तुमी नाही!” तो तेव्हाही हसला नाही. संध्याकाळी मी पाय धूत असताना फक्त एवढंच म्हणाला, “आणखी दोन बांध्या हायेत.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझे तास होते. मी रजा कळवली आणि सकाळच्या गाडीनं पुन्हा तिरोड्याला उतरलो.