अठराशे भागिले बारा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याइतका ठोंब्या माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत सांगायची. दाजी दहावी नापास. जयसिंगपुरात पत्र्याच्या शेड ठोकून द्यायचा धंदा. बोलायला लागले की मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या काचा हलायच्या. आणि मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेली बाई. आमचं जमणार कसं?

आमच्या वडिलांना, आबांना, फुप्फुसाचा आजार. नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. लाईट गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालायचं, पण जुनी बॅटरी झिजून आता तासाभरात मान टाकायची. म्हणून दाजी नवी घेऊन आले.

"आक्का, जुनीवर दीडशे लिवलंय. हिच्यावर बघा, अठराशे! बारा पट हाय की! आता आठवडाभर लाईट न्हाय आली तरी आबा निवांत."

शेजारपाजारचे जमले होते, सगळे माना डोलवत होते. एका बाईनं तर बॅटरीला हळदकुंकू लावलं. अगंबाई! मला हसू आवरेना. जुनीवरचे दीडशे ते अँपिअर-अवर, म्हणजे साठवलेला विद्युतभार. नवीवरचे अठराशे ते वॉट-अवर, म्हणजे ऊर्जा. ऊर्जेला व्होल्टनं भागलं की अँपिअर-अवर मिळतात, आणि दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पाठीमागं स्केचपेननं ठळक लिहिलं, अठराशे भागिले बारा, दीडशे.

"दाजी, होती तेवढीच आणलीत. पायलीऐवजी शेरानं मोजलं म्हणून जोंधळा वाढतो का?"

लोक खो खो हसले. दाजींचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

कॉटवरनं आबा म्हणाले, "ते अँपिअर-बिंपिअर ऱ्हाऊ दे गं. मशीन किती येळ चालंल, तेवढं सांग." दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीसाठी दहा ते चार लाईट जाणार होती.

"मशीन तीनशे वॉटचं. अठराशे भागिले तीनशे, सहा तास. बरोबर चारपर्यंत."

"एक सिलिंडर आणून ठेवू का?" दाजींनी हळूच विचारलं.

"काही गरज नाही. गणित आहे हे, तुमचं अंदाजपंचे नाही."

आबा म्हणाले, "पावणं, ऱ्हाऊ दे मग. ती शिकलेली हाय." जावयाला ते पावणंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प झाला आणि मशीन बंद पडलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. आणि मी काय करत होते? कॅलेंडर हातात घेऊन भागाकार पुन्हा तपासत होते. सांगायला लाज वाटते. भागाकार बरोबरच होता.

दाजींनी कॉटखालचं पोतं ओढलं. त्यात सिलिंडर होता. सकाळी टेम्पोत घालून आणलेला, मी आत चहा करत असताना गुपचूप सरकवलेला. त्यांनी भराभर नळी जोडली. आबांची छाती परत शांतपणे वर-खाली व्हायला लागली, तेव्हा कुठं ते माझ्याकडं वळले.

"आक्का, त्या इन्व्हर्टरला हात लावून बघा."

लावला. चटका बसला.

"ही ऊब कुठनं आली? बॅटरीतनंच की. मधल्यामधी ह्यो बी खातोय. आमच्या वेल्डिंगच्या मशीनचं बी असंच असतंय."

ते मला हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. ऊर्जेचं रूपांतर होताना थोडी उष्णता होऊन वाया जाते, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. परीक्षेत दोन मार्कांना विचारायची. ज्या पोरानं लिहिलं नाही, त्याची वर्गासमोर खरडपट्टी काढायची.

आता लाईट जाणार म्हणून निरोप आला की आबा उशीवरनं मान उचलतात. "किती येळ चालंल?"

मी तोंड उघडते.

"तू न्हवं," आबा म्हणतात. "पावण्यांस्नी फोन लाव."