पोरगी झाल्याची जिलेबी

आमच्याकडे पोरगा झाला की पेढे, पोरगी झाली की जिलेबी. दवाखान्याच्या प्रसूती विभागात मी एकवीस वर्षं सिस्टर आहे, म्हणजे अर्ध्या तालुक्याच्या बाळांनी मला पोसलंय. आणि नाही तरी कशाला म्हणू? गोड मला लय आवडतं. पोरीची जिलेबी कुणी टाळली तर मीच झापायची, "का ओ, पोरगी झाली तर तोंड कडू झालं का?"

मग कर्मचाऱ्यांची तपासणी निघाली. बायांना वजनकाट्यावर चढवणारी मी, स्वतः कधी चढायची नाही. मागच्या तपासणीत कागदावर सरळ लग्नातलं वजन लिहून दिलं होतं. यावेळी डॉक्टर मॅडम समोरच उभ्या राहिल्या. साखर चढलेली, गुडघे कुरकुरणारे. मॅडमनी गोळी सुरू केली अन्‌ म्हणाल्या, "तीन महिन्यांत वजन उतरलं नाही, तर इथून काढून ओपीडीत बसवते."

ओपीडीत! तिथं रांगेतली भांडणं ऐकायची. माझा जीव बाळाच्या पहिल्या रडण्यात अडकलेला. त्या दिवसापासून गोड बंद केलं.

आठवड्यानं बोरीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या सुनेला पोरगी झाली. सासू जिलेबी घेऊन आली आणि मी हात आखडला. आजीनं पुडा मिटला.

"माज्या लेकीच्या टायमाला जिलेबी मागून खाल्लीस. आन आता तुजंच तोंड कडू झालं व्हय, बाई?"

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर रागही आला. तिच्यासमोरच स्वतःच्या बोटाला सुई टोचली अन्‌ साखरेचं मशीन दाखवलं.

"मला कुटं वाचता येतंय? किती हाय?"

"पोटुशी असताना साखर वाढली म्हणून तुमच्या सुनेला मी रागावले होते ना, आजी? माझी तिच्यापेक्षा जास्त."

आजी पोट धरून हसली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" म्हणत तिनं जिलेबी वॉर्डभर वाटली.

तीन महिन्यांनी ती नातीला लसीला घेऊन आली. मी पोरीला काट्यावर ठेवलं. बाळसं छान धरलं होतं.

"आता तू चढ," शेजारच्या मोठ्या काट्याकडे बोट करत आजी म्हणाली.

चढले. सहा किलो उतरले होते, सकाळच्या तपासणीत साखरही खाली आलेली. आजीला आकडा वाचता येत नव्हता. तिनं माझं तोंड बघितलं. मग पदराची गाठ सोडून आतल्या ताज्या जिलेबीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला.

"आमच्या पोरीचं तेवढं राहिलं व्हतं."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून हाक आली आणि मी चघळत चघळतच पळाले. गुडघे गप्प होते.