गुरुवारचा फळा

खडू आदल्या दिवशी साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवला नाही तर अक्षर उठत नाही. फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसून पुरता कोरडा होऊ दिला नाही तर उठलेलं अक्षर टिकत नाही. धारवाडकडच्या एका विद्यापीठात, तत्त्वज्ञान विभागाच्या पायऱ्यांपाशी जो फळा उभा होता, त्याच्या बाबतीत फकीरप्पा हडपदनं एकतीस वर्षं या दोन गोष्टींत हयगय केली नाही. वर कानडी, खाली इंग्रजी. आधी विषय, मग बोलणाऱ्याचं नाव, मग वार आणि वेळ. वार नेहमी गुरुवार, वेळ नेहमी तीन. इंग्रजी त्याला समजत नव्हतं, पण कागदावरचं अक्षर फळ्यावर उतरवताना त्याचं वळणसुद्धा कधी चुकलं नाही.

तो नवलगुंदकडचा. बाप घरोघर जाऊन हजामती करायचा. फकीरप्पा विसाव्या वर्षी विद्यापीठाच्या बागेत रोजंदारीवर लागला, रोपांना घागरीनं पाणी घालायला. एकदा खोल्यांवर आकडे रंगवायला पेंटर आला. त्याला शिडी धरायला माणूस हवा होता. फकीरप्पानं पंधरा दिवस शिडी धरली आणि खालून बघत बघत अक्षर शिकला. पेंटर गेल्यावर कोठीच्या दारावर ‘कोठी’ एवढा एक शब्द त्यानं आपल्या हातानं काढला. विभागप्रमुख देसूर सर तिथून चालले होते. थांबले. हे कुणी काढलं, म्हणून विचारलं. सहा महिन्यांनी फकीरप्पा विभागाचा शिपाई झाला आणि फळा त्याच्याकडे आला.

फळ्याचे नियम देसूर सरांचे. सूचना आठ दिवस आधी लागली पाहिजे. आठ दिवस विषय येता-जाता डोळ्यांसमोर राहिला तर माणूस रिकाम्या डोक्यानं ऐकायला येत नाही, असं ते म्हणायचे. दुसरा नियम माणसांसाठी होता. जो वर्षभर दुसऱ्यांना प्रश्न विचारतो, त्यानं वर्षातून एकदा फळ्यावर आपलं नाव लावायचं आणि प्रश्न झेलायला उभं राहायचं. फुकट विचारायचं नाही. हा नियम लिहून कुठं ठेवलेला नव्हता, पण विभागात सगळे पाळत आले होते.

सर निवृत्त झाले. बायको गेली. मुलगा-सुनेकडे सप्तापुरात राहू लागले. तरी रोज सकाळी साडेआठला काठी टेकत ते विद्यापीठात यायचे, पायऱ्यांपाशी उभे राहून फळा वाचायचे आणि परत जायचे. गुरुवारी तीनला पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची त्यांची. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न त्यांचा. बाहेरगावचे मोठमोठे लोक त्या प्रश्नाला बिचकून असायचे. फकीरप्पाला हे आवडायचं. तयारी न करता आलेला माणूस सरांच्या पहिल्या वाक्यालाच ओळखू यायचा, तो पाण्याकडे हात न्यायचा.

मग सरांचं विसरणं सुरू झालं. आधी छत्री, मग नावं. श्रावणात गोव्याकडचा एक तरुण प्राध्यापक बोलायला आला होता. सरांनी प्रश्न विचारला. त्यानं उत्तर दिलं. सर बसले, पुन्हा उठले आणि तोच प्रश्न विचारला. त्यानं थोडक्यात पुन्हा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा सर उठले तेव्हा मागं दोन-तीन मुलं हसली. चौथ्यांदा सगळा हॉल हसला. सर हसणाऱ्यांकडे बघत उभेच राहिले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. फकीरप्पानं जाऊन दंड धरून त्यांना खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी मडिवाळर मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. त्या आता विभागप्रमुख होत्या, आणि एके काळच्या देसूर सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांचा आवाज बसला होता.

“फकीरप्पा, काल पोरं हसली ते मला बघवलं नाही. सरांना येऊ नका म्हणायची माझी जीभ रेटत नाही. तुम्ही काही दिवस फळा लिहू नका. व्याख्यानांची यादी मी सगळ्यांच्या फोनवर पाठवते. सरांकडे तसला फोन नाही.”

फकीरप्पानं मान हलवली. यात सरांची अब्रू राहते, हे त्यालाही पटलं होतं.

सोमवारी सकाळी सर आले. काळा फळा बघून त्यांनी काठीनं पायरीवर टकटक केलं.

“अरे, कोरा का?”

“या महिन्यात काही नाही, सर.”

आयुष्यात फकीरप्पा सरांशी पहिल्यांदा खोटं बोलला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच बोलला. तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले की सगळ्यांचे प्रश्न सुटलेले दिसतायत, आपणच मागं राहिलो. ते हसले, म्हणून तोही हसला. त्याच गुरुवारी दुपारी आत व्याख्यान झालं, चहा झाला, कप त्यानंच विसळले.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, सर आले ते चेहरा पाडून. फळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पायरीवर बसले आणि म्हणाले, दोन रात्री विचार केला, चूक आपली आहे. सहा वर्षं झाली, आपण नुसतं विचारत सुटलोय, एकदाही उभे राहिलो नाही. ज्यानं नियम घातला त्यानंच मोडला, मग दुसरे कशाला बोलायला येतील? व्याख्यानं आपल्यामुळं थांबली.

“तसं नाही, सर,” फकीरप्पा म्हणाला.

“तसंच आहे. लिही माझं नाव. उद्याचा नको, पुढचा गुरुवार. आठ दिवस मिळतात.”

विषय त्यांनी जागच्या जागी सांगितला: ‘नाही’ हे कशावरून कळतं?

पुढच्या गुरुवारी तीन वाजता म्हैसूरच्या एक बाई बोलणार होत्या. पण काहीच कार्यक्रम नाही असं महिनाभर सांगितल्यावर, हॉल रिकामा नाही असं आता कुठल्या तोंडानं सांगणार? फकीरप्पानं खडू आणला आणि सरांच्या देखत लिहिलं. सर गेल्यावर पुसून टाकलं. मॅडम दहाला यायच्या.

सर उद्यापर्यंत विसरतील असा त्याचा हिशेब होता. सकाळी जेवलो की नाही हे ज्याला दुपारी आठवत नाही, त्याला आठ दिवसांनंतरचा गुरुवार काय आठवणार. पण उद्या येऊन त्यांनी फळा कोरा बघितला तर? या एका भीतीनं त्यानं दुसऱ्या दिवशी आठला येऊन फळा पुसला, वाळवला, पुन्हा तेच लिहिलं.

सर आले, वाचलं, आणि थक्क झाले.

“अरे, माझं नाव आहे की.”

“होय, सर.”

“या गुरुवारी?”

“आज नाही. पुढच्या.”

सर विसरले होतेच. फळ्यानं त्यांना आठवण करून दिली होती. हे फकीरप्पाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. पण तोवर सर सकाळी पायऱ्यांकडे येताना लांबूनच मान उंच करून बघायला लागले होते, आणि कोरा फळा दाखवायची त्याची छाती होईना. रविवारी सुट्टी असून तो आला. अर्ध्या तासानं पुसायचं म्हणून अक्षर त्यानं एकदाही घाईनं काढलं नाही. रोज दोन फडकी, रोज नवा खडू, ‘देसूर’मधला दीर्घ ऊकार रोज तसाच भरदार.

समोरच्या कॅन्टीनमधून हसनसाब हे सगळं बघत होता. तो म्हणाला, “हडपद, बाप लोकांची डोकी भादरायचा, तू फळा भादरतोस. उगवतं आणि उडवतोस, उगवतं आणि उडवतोस.”

“चहा दे गप.”

“चहा देतो. पण म्हाताऱ्याला सांगणार कधी?”

फकीरप्पानं चहा पिऊन ग्लास उपडा ठेवला.

मंगळवारी सरांच्या सुनेचा, सुमंगलाचा, फोन आला. ती आनंदात होती. मामंजी दोन वर्षांनी टेबलाशी बसलेत, म्हणाली. दिवसभर लिहितात, फाडतात, पुन्हा लिहितात. काल स्वतः होऊन भाकरी मागून घेतली. धोतर इस्त्री करायला सांगितलंय. गुरुवारी त्यांना किती वाजता आणून सोडू?

इथं सांगता आलं असतं. मॅडमना जाऊन सांगता आलं असतं, त्यांनी वेळ मागंपुढं केली असती, चार माणसं बसवली असती. फकीरप्पाला हे सगळं नंतर सुचलं. त्या वेळी त्याच्या तोंडून निघालं, “तीनला. थोडं आधी आणा.”

गुरुवारी पावणेतीनला रिक्षा पायऱ्यांपाशी थांबली. सुमंगला चारला न्यायला येते म्हणून गेली. सर पांढरं धोतर नेसले होते, वर बंद गळ्याचा कोट होता, हातात घडी घातलेले कागद होते. मुलं-मुली, प्राध्यापक पायऱ्या चढून आत जात होते. आत चाळीस खुर्च्या फकीरप्पानंच सकाळी लावल्या होत्या. सर बघत राहिले.

“फकीरप्पा, एवढी माणसं आली रे.”

ते पायरी चढायला लागले. फकीरप्पा दारात होता. बाजूला झाला असता तर सर सरळ मंचावर गेले असते. तो बाजूला झाला नाही.

“सर, ही माणसं तुमच्यासाठी आलेली नाहीत.”

“मग?”

“म्हैसूरच्या बाई आहेत. दर गुरुवारी कुणीतरी असतं. बंद कधी पडलंच नाही. मी फळा लिहीत नव्हतो. तुमचं नाव लिहायचो ते तुम्ही गेल्यावर पुसायचो.”

“रोज?”

“रोज.”

सर रागावले असते तर फकीरप्पानं ते सोसलं असतं. सर रागावले नाहीत. त्यांनी हातातल्या कागदांकडे बघितलं, मग आत जाणाऱ्या एका मुलीला वाट करून दिली, मग पायऱ्यांच्या कडेच्या दगडी कट्ट्याकडे काठी रोखली.

“मी तयारी केलीय,” ते म्हणाले. “वाया कशाला घालवू? बस तिथं.”

फकीरप्पा कट्ट्यावर बसला. सर समोर उभे राहिले. आतून टाळ्या ऐकू आल्या, मग म्हैसूरच्या बाईंचा आवाज सुरू झाला. सरांनी कागद उलगडले आणि वर्गात बोलायचे त्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“समोर जमीन आहे. जमिनीवर घडा नाही. डोळ्यांना काय दिसतं? जमीन दिसते. जे नाही ते डोळ्यांना दिसत नाही. मग घडा नाही, हे कशावरून कळलं?”

ते थांबले. पान उलटलं. पुढच्या पानावर पुन्हा तीच चार वाक्यं होती. त्याच्या पुढच्या पानावरही तीच. आठ दिवस सरांनी एवढंच लिहिलं होतं. त्यांनी सगळी पानं चाळली, मग कागद खाली धरून तोंडानं सुरुवात केली. जमीन, घडा, डोळे. त्याच जागी अडकले. तिसऱ्यांदा सुरुवात केली, आवाज आता खाली आला होता. त्याच जागी अडकले, आणि त्यांनी फकीरप्पाकडे बघितलं.

पुढचं वाक्य फकीरप्पाला येत होतं. दरवर्षी आषाढात सर हा पाठ घ्यायचे आणि तो वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला असायचा. वीस-बावीस वेळा त्यानं तो ऐकला होता. वाक्य त्याच्या जिभेवर उभं होतं. पण सर बोलत असताना शिपायानं मध्ये बोलायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की सर बोलत नाहीयेत, सर थांबलेत, सर आपल्याकडे मागतायत, हे दिसत असूनही त्याचं तोंड उघडलं नाही. तो पाठ ताठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत राहिला.

हॉलचं दार किलकिलं झालं. मडिवाळर मॅडमनी बाहेर बघितलं. एक पाऊल पुढं टाकलं, मग काय वाटलं कोण जाणे, दार हळूच लोटून घेतलं.

“याच्या पुढचं गेलं,” सर म्हणाले. त्यांनी कागदांची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि फकीरप्पाशेजारी बसले. चारला रिक्षा आली तोपर्यंत दोघं तसेच बसून होते.

शुक्रवारी सर आले नाहीत. शनिवारी आले नाहीत. सोमवारी मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, फकीरप्पा, लिहा फळा पुन्हा. त्यानं लिहिला. दुसऱ्या दिवशी साडेआठ झाले, नऊ झाले, सर आले नाहीत. त्या आठवड्यात फळ्यासमोर कुणी थांबलं नाही. सगळ्यांना फोनवरून कळलेलंच होतं.

रविवारी तो सप्तापूरला गेला. सुमंगलानं दार उघडलं. त्या दिवसापासून बाहेर पडायचंच म्हणत नाहीत, ती हळू आवाजात म्हणाली. त्याला ती काही बोलली नाही, एवढंच विचारलं की चहा घेणार का. नको म्हणून तो आत गेला.

सर पडवीत खुर्चीवर बसून शेंगा फोडत होते. दाणे एका ताटलीत, टरफलं दुसऱ्या. त्यांनी वर बघितलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही. फकीरप्पा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि दहा दिवस जिभेवर धरून ठेवलेलं त्यानं एका दमात म्हटलं.

“घडा न्यायला जो आला, त्यालाच घडा नाही हे दिसतं. बाकीच्यांना नुसती जमीन दिसते.”

सरांचे हात थांबले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “कोण म्हणालं हे?”

“तुम्हीच, सर.”

“छे.” त्यांनी मान हलवली. “मी नाही. पण माणसानं मेहनत घेतलीय. त्याला बोलव एकदा आपल्याकडं.”

“बोलावतो, सर.”

सरांनी त्याच्या ओंजळीत दाणे घातले आणि पुढची शेंग उचलली. फकीरप्पानं दाणे खाल्ले, दारात चपला घातल्या आणि निघाला.